घंटा वाजल्यावर धावायचं कोणी?

आमच्या शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापिका बाईंच्या खुर्चीमागे एक टीव्ही टांगलेला आहे. त्यावर सोळा चौकोन. त्यातले तीन कायमचे काळे. जिन्याजवळच्या कॅमेऱ्यापुढे कोळ्याने जाळं विणलंय, त्यामुळे अंधार पडला की त्या चौकोनात नुसता पांढरा धूर दिसतो. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधला सेल संपल्यापासून वीज गेली की तारीख मागे पळते. मी गेलो त्या दिवशी आमची शाळा १ जानेवारी २००० रोजी भरलेली होती.

या टीव्हीखाली उभा राहून एक चुणचुणीत तरुण संस्थेच्या आम्हा पाच-सहा जणांना समजावत होता. कॅमेरे बदलायचे नाहीत, वायरिंगला हात लावायचा नाही, फक्त त्यांच्या कंपनीचा एक बॉक्स जोडायचा. "तुमचे कॅमेरे आज नुसतं रेकॉर्डिंग करतात. उद्यापासून ते विचार करतील, सर." हत्यार दिसलं, मारामारी झाली, अनोळखी माणूस आवारात शिरला, की एआय ते ओळखणार आणि बाईंच्या मोबाइलवर दोन-तीन सेकंदांत सूचना. दर कॅमेऱ्यामागे महिन्याचं भाडं. मग चहा, मग प्रात्यक्षिक. त्याने मैदानावरचा कॅमेरा लॅपटॉपला जोडला. मधली सुट्टी चालू होती, आठवीची पोरं कबड्डी खेळत होती. चढाईला आलेल्या एकाची तिघांनी पकड केली आणि स्क्रीनवर त्या चौघांभोवती लाल चौकट उमटली: 'फाइट डिटेक्टेड'.

सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "सेन्सिटिव्हिटी कमी करून देतो ना, सर."

बाकीचं विसरलो, हे वाक्य मात्र डोक्यात राहिलं. सेन्सिटिव्हिटी कमी केली की कबड्डी सुटते आणि तिच्याबरोबर एखादी खरी मारामारीही सुटते. वाढवली की खरी मारामारी सापडते आणि रोजची कबड्डीही सापडते. दोन्ही एकदम मिळत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहराच्या शाळांनी हा धडा पैसे मोजून घेतला. तिथे कॅमेऱ्यांऐवजी दारात उभे केलेले इव्हॉल्व्ह कंपनीचे एआय स्कॅनर होते, पण अडचण हीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये एक विद्यार्थी सात इंची सुरा घेऊन त्यातून आत गेला आणि त्याने दुसऱ्याला भोसकलं. नंतर सेन्सिटिव्हिटी वाढवली, तर निम्म्या वेळा यंत्र उगाच वाजायला लागलं. ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध केलेल्या तक्रारीत हे सगळं नोंदलेलं आहे.

"अमेरिकेत शाळाशाळांत बसवलंय," असं तो तरुण दोनदा म्हणाला. बसवलंय, खरं आहे. आणि का बसवलंय हेही समजून घेतलं पाहिजे, उगाच हसून चालणार नाही. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेतल्या गोळीबारात १३ जण मारले गेले. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७. २०२२ च्या मे महिन्यात युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका. सकाळी डबा भरून पाठवलेलं मूल परत येईल ना, हा प्रश्न ज्या देशातल्या आईला खरोखर पडतो, तिथे कोणी 'बंदूक दिसताक्षणी सूचना देऊ' म्हणत आलं तर शाळा चेकबुक काढणारच. बंदुका कमी करणं त्यांच्या राजकारणाला जमत नाही. कॅमेऱ्याला बॉक्स जोडणं जमतं.

पण तो बॉक्स नेमकं काय करतो ते बघा. कॅमेऱ्याचं चित्र त्याच्याकडे जातं आणि बंदुकांच्या हजारो चित्रांवर घोटवून घेतलेला प्रोग्रॅम 'यात बंदुकीसारखं काही आहे का' हे शोधत बसतो. म्हणजे बंदूक हातात हवी, कॅमेऱ्याच्या नजरेत हवी, पुरेशी मोठी दिसायला हवी. दप्तरातली चालत नाही, स्वेटरखालची चालत नाही. आणि 'जुन्याच कॅमेऱ्यांवर' हे जे आमिष आहे, खरी मेख तिथेच आहे. आमच्यासारखा दोन मेगापिक्सेलचा, रुंद कोनाचा कॅमेरा घ्या. दहा मीटरवर त्याच्या चौकटीत पंचवीसेक मीटर रुंदीचा पट्टा मावतो. चित्रात आडवे १९२० ठिपके. म्हणजे वीतभर लांबीच्या पिस्तुलाच्या वाट्याला येतात जेमतेम पंधरा. पंधरा ठिपक्यांत पिस्तूल, मोबाइल, पट्टी आणि केळं यांत फारसा फरक उरत नाही. हे कॅमेरे चोर कुठल्या बाजूने आला ते मागाहून बघण्यासाठी लावलेले होते. त्यांच्याकडून आता नाडीपरीक्षा करून घ्यायची आहे.

२२ जानेवारी २०२५ रोजी नॅशव्हिलच्या अँटिओक हायस्कूलमध्ये एका १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने कॅफेटेरियात गोळ्या झाडल्या. एक १६ वर्षांची मुलगी गेली, मग त्याने स्वतःला संपवलं. शाळेच्या कॅमेऱ्यांवर ऑम्निलर्ट कंपनीची बंदूक ओळखणारी यंत्रणा होती, जिल्ह्याने तिच्यावर दहा लाख डॉलरच्या घरात खर्च केला होता. यंत्रणा वाजली नाही. कॅमेरा जिथे होता तिथून त्या मुलाच्या हातातली बंदूक नीट दिसत नव्हती, असं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. नंतर एकदा वाजली म्हणे: पोलीस आले तेव्हा, त्यांच्या हातातल्या बंदुका बघून.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मेरीलँडच्या बाल्टिमोर काउंटीत, केनवुड हायस्कूल. यंत्रणा त्याच कंपनीची. फुटबॉलचा सराव संपवून १६ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर शाळेबाहेर गाडीची वाट बघत बसला होता. त्याने डोरिटोजची पुडी खाऊन संपवली, चुरगाळली, खिशात घातली. थोड्या वेळाने पोलिसांच्या गाड्या येऊन थडकल्या. बंदुका रोखल्या गेल्या, मुलाला गुडघ्यांवर बसवलं, बेड्या घातल्या, झडती घेतली. निघाली ती पुडी.

चिप्सच्या पुडीला बंदूक समजलं म्हणून जगभर हसू झालं. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. जिल्ह्याच्या सुरक्षा विभागातल्या माणसांनी ते चित्र पाहिलं होतं, हत्यार नाही हे त्यांना कळलं होतं, सूचना रद्दही केली होती. पण रद्द झाल्याचं मुख्याध्यापिकेच्या लक्षात आलं नाही. तिने शाळेतल्या पोलीस अधिकाऱ्याला सांगितलं, त्याने ठाण्याला कळवलं, आणि निघालेली गाडी निघालीच. नंतर जिल्ह्याच्या शिक्षणप्रमुख म्हणाल्या की यंत्रणेने तिचं काम केलं. कंपनीचंही म्हणणं तेच. गंमत अशी की त्यात खोटं काही नाही. यंत्राने शंका घेतली, माणसाने शंका फेडली, आणि तरीही एक पोरगा हात वर करून बंदुकांच्या तोंडाशी गुडघे टेकून बसला.

पार्कलंडला तर एआय नव्हतंच, कॅमेरे मात्र होते. पोलीस स्क्रीनवर हल्लेखोराला शोधत होते आणि तो अजून इमारतीत आहे असं समजत होते. प्रत्यक्षात ते वीस-पंचवीस मिनिटांपूर्वीचं चित्रण होतं. तो केव्हाच बाहेर पडला होता. युव्हाल्डीत बंदूकधारी कुठल्या वर्गात आहे हे पोलिसांना पहिल्या काही मिनिटांतच ठाऊक होतं. तरी आत शिरायला त्यांना ७७ मिनिटं लागली. यातल्या कुठल्याही ठिकाणी दोन सेकंद आधी सूचना मिळून काय फरक पडला असता, हे मला कोणी समजावून सांगावं. साखळी तुटली ती कडी पुढची होती. विकली जाते ती मात्र पहिलीच, कारण तिलाच वायर जोडता येते.

यावर उत्तर तयार असतं: मग मध्ये माणूस ठेवा. काही कंपन्या ठेवतात. झीरोआइज नावाच्या कंपनीत पूर्वीचे सैनिक आणि पोलीस चोवीस तास स्क्रीनपुढे बसतात आणि यंत्राने दाखवलेलं प्रत्येक चित्र तपासतात. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये फ्लोरिडातली एक शाळा एका मुलाच्या हातातल्या क्लॅरिनेटमुळे कडीकुलपात गेली. त्याने ती बंदुकीसारखी धरली होती. (आमच्या मैदानावर प्रजासत्ताक दिनाच्या लेझमीची तालीम चालते तेव्हा त्या माणसाचं काय होईल, असा विचार माझ्या मनात आला.) शेकडो मैलांवर बसलेल्या त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एक धूसर चित्र, काही सेकंद. मूल ओळखीचं नाही, शाळा ओळखीची नाही. सोडून दिलं आणि खरंच बंदूक निघाली तर आयुष्यभर डोक्यावर रक्त. पुढे ढकललं आणि वाद्य निघालं तर 'खबरदारी म्हणून' एवढं म्हटलं की झालं. शंका नेहमी पोलिसांच्याच दिशेने घरंगळणार. मध्ये माणूस ठेवला तरी त्याच्यापुढचा उतार तसाच राहतो.

थोडा हिशेब मांडतो, आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले. समजा यंत्र दिवसाला दहा हजार वेळा 'ही वस्तू हत्यार आहे का' असा निर्णय घेतं, आणि दहा हजारांत एकदाच चुकतं. इतकं अचूक यंत्र मिळालं तर पेढे वाटावेत. तरी रोज एक खोटी घंटा, शाळेच्या सव्वादोनशे दिवसांत सव्वादोनशे. आणि खरी बंदूक? बहुतेक शाळांत, अमेरिकेतसुद्धा, वर्षानुवर्षं शून्य. म्हणजे जी घंटा वाजेल ती खोटीच असणार, हे शाळेतला प्रत्येक जण पहिल्याच सहामाहीत शिकेल. लांडगा आला रे आला ही गोष्ट पहिलीच्या मुलालाही येते. फरक इतकाच की इथे ओरडणाऱ्या पोराला कंटाळा येत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्या शाळांना कॅमेरे बंदुकीच्या भीतीने लागलेले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला: महिन्याभरात शाळाशाळांत सीसीटीव्ही, आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासायचं, जबाबदारी मुख्याध्यापकाची, नाही बसवले तर अनुदान थांबेल, मान्यता जाईल. जुलै २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना वर्ग, जिने, व्हरांडे, कँटीन सगळीकडे आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे आणि १५ दिवसांचा साठा सक्तीचा केला. स्वच्छतागृहं वगळून, अर्थात. वगळायलाच हवीत.

बदलापूरचा गुन्हा घडला तो नेमका स्वच्छतागृहात. आरोपी शाळेतला कंत्राटी सफाई कामगार. आवारात त्याचं असणं हे त्याचं कामच. त्याच्या हातात झाडू, यंत्राने त्याच्यात काय ओळखावं? 'अनोळखी व्यक्ती' म्हणून लाल चौकट येईल ती नातवाला न्यायला पहिल्यांदाच आलेल्या आजोबांभोवती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत की पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालच्या अशा गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. आपला धोका फाटकातून सलाम घेत आत येतो.

आणि एक गोष्ट मला सारखी आठवते. बदलापुरात धोका ओळखला गेला होता. एआयच्याही आधी, कॅमेऱ्याच्याही आधी. शिशुवर्गातल्या पोरीने तो घरच्यांना सांगितला. घरचे डॉक्टरकडे गेले, पोलीस ठाण्यात गेले. तिथे गुन्हा नोंदवून घ्यायला बारा तास लागले. शाळेतलं पंधरा दिवसांचं फुटेज गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं. कॅमेरे होते, साठाही असायला हवा होता, आणि घंटा तर एका चार वर्षांच्या मुलीने वाजवलीच होती. धावलं कोणी नाही.

धावणारी माणसं शाळेत उरलीत किती, तेही बघा. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली शिपायांची, पहारेकऱ्यांची, सफाई कामगारांची पदं, रिकामी होतील तशी, संपवायची ठरली. त्या बदल्यात 'शिपाई भत्ता'. ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. एवढ्या पैशांत तुम्ही कोणाला नेमाल? जो मिळेल त्याला. जास्त चौकशी न करता. चारेक वर्षांनी राज्य शासनाने कॅमेरे सक्तीचे केले. आमच्या शाळेत पूर्वी दोन शिपाई आणि एक मावशी होत्या. मावशी बालवाडीच्या स्वच्छतागृहाबाहेर स्टुलावर बसून वाती वळायच्या. कोण आत गेलं, किती वेळ झाला, कोण रडत बाहेर आलं, कोणाची चड्डी ओली आहे, सगळं त्यांना ठाऊक असायचं. त्या निवृत्त झाल्या, पद गेलं. स्टूल अजून आहे, त्यावर आता पाण्याचा जार असतो.

मावशींच्याही हातून चुका व्हायच्या, त्या पोरांना ओरडायच्याही. पण त्यांच्या चुकीने कोणाला बेड्या पडल्या नाहीत.

अजून एक भीती आहे आणि ती सभेत उघड बोलणं कठीण जातं. बॉक्स एकदा बसला की तो बंदूक शोधण्यापुरता राहील का? आमच्या तालुक्यात बंदूक सापडणार नाही. मग पैसे वसूल व्हायला काहीतरी सापडलं पाहिजे. पाण्याच्या टाकीमागे दहावीतली कोण मुलगी कोणाशी दहा मिनिटं बोलत उभी होती, हे सापडेल. ती बातमी बाईंच्या मोबाइलवरून बापाच्या मोबाइलवर जायला वेळ लागणार नाही, आणि मग त्या पोरीची शाळा सुटेल. लग्नही ठरेल. हे मी कल्पनेने लिहीत नाही. साध्या शेजाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून असं झालेलं गावात माहीत नाही असा माणूस नसेल. शेजाऱ्याच्या सांगण्यावर निदान वाद घालता येतो. स्क्रीनवर वेळेसकट दिसणाऱ्या चित्रावर पोरीने काय बोलावं?

कायदा इथे धावून येईल असं वाटत असेल तर तेही बघून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं नववं कलम म्हणतं, अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागणुकीवर पाळत ठेवायची नाही. दंड २०० कोटींपर्यंत. वाचून बरं वाटतं. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांच्या परिशिष्टात शैक्षणिक संस्थांना सूट आहे, शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी. आता मला सांगा, असा बॉक्स विकणारा कुठला विक्रेता 'सुरक्षितता' सोडून दुसरा शब्द वापरतो? न्यूयॉर्क राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये शाळांत चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांवर सरळ बंदी घातली, त्याआधी तिथल्या लॉकपोर्ट शहरातल्या पालकांना त्यांच्या शाळांतल्या अशा यंत्रणेविरुद्ध न्यायालयात जावं लागलं होतं. आपल्याकडे अजून प्रश्नसुद्धा नीट विचारला गेलेला नाही, कारण सगळेजण कॅमेरे बसवण्याच्या मुदती पाळण्यात गुंतलेत.

मी यंत्राचा शत्रू नाही. सभेत मी एक गोष्ट मान्य केली आणि ती इथेही करतो. संध्याकाळी सहानंतर, मुलं घरी गेल्यावर, हा बॉक्स चालू ठेवायला माझी हरकत नाही. शाळांच्या व्हरांड्यात रात्री काय चालतं ते सकाळी सापडणाऱ्या बाटल्या सांगतात. पोषण आहाराच्या खोलीतून सिलिंडर जातात, संगणक जातात. तेव्हा प्रश्न सोपा असतो: आवारात माणूस आहे की नाही. असेल तर तो तिथे नको आहे. यंत्र चुकलं तर राखणदाराला एक चक्कर जास्त पडेल, कुत्रं निघेल, तो शिवी हासडून परत जाईल. शॉर्टसर्किटचा धूर ओळखत असेल तर तेही उत्तम. मुलं नसताना यंत्राने बघावं. मुलं असताना माणसाने बघावं, आणि त्या माणसाला मुलांची नावं माहीत असावीत.

म्हणून मी सुचवलं ते एवढंच. तीन काळे चौकोन दुरुस्त करा. डीव्हीआरचा सेल बदला, म्हणजे फुटेज लागलं तर त्यावर तारीख तरी खरी येईल. आणि कोटेशनमध्ये वर्षाचा जो आकडा आहे, तेवढ्यात संस्थेच्या खर्चाने एक मावशी नेमता येतात, पोलीस पडताळणी करून. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीची सभा कागदावर होते, ती खरी घ्या. मुलांनी सांगितलेलं पहिल्यांदा कोण ऐकणार आणि ऐकून त्याच दिवशी कुठे फोन करणार, हे भिंतीवर लिहून लावा.

खजिनदारांना हे पटलं. अध्यक्षांना नाही. शेजारच्या इंग्रजी शाळेने बॉक्स घेतलाय, तिने तो प्रवेशाच्या फ्लेक्सवर छापलाय, आणि आपला पट दर जूनला घसरतोय, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. 'आमच्याकडे मावशी आहेत' असा फ्लेक्स कोणी लावत नाही.

बाई शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तपासणीला साहेब येतात ना, त्यांच्या फॉर्मवर कॅमेरे किती हा रकाना आहे. चालू किती, बंद किती, साठा किती दिवसांचा. स्वच्छतागृहाजवळ बाई माणूस आहे का, हा रकाना मी तरी पाहिलेला नाही. मी रकाना भरू की स्टूल भरू, तेवढं सांगा."

विषय पुढच्या सभेवर गेला आहे.